टेलाला कमी पडलेले नऊ एमपी

फायनल फँटसी ४ ह्या व्हिडिओ गेममध्ये टेला नावाचा म्हातारा जादूगार पार्टीत, म्हणजे आपण खेळवतो त्या गटात येतो, तेव्हा त्याचा मेनू उघडून एमपीचा, म्हणजे मंत्रांसाठी खर्च होणाऱ्या शक्तीचा, आकडा बघून ठेवा. ९०. पुढे त्याच्या कितीही लेव्हल वाढल्या तरी हा आकडा जागचा हलत नाही. उलट लेव्हल वाढेल तशी त्याच्या अंगातली ताकद कमी होत जाते. बाकी सगळ्यांचे आकडे चढतात आणि ह्या एकट्याचे उतरतात, त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्याला हा गेममधला बगच वाटतो. पण तो बग नाही. म्हातारपण आकड्यांत मांडलंय.

टेलाची मुलगी अ‍ॅना डॅमसियनच्या किल्ल्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात मरते आणि त्यानंतर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गोलबेझ ह्या खलनायकाला संपवणं. त्यासाठी त्याला मेटिओ हा मंत्र हवाय. तो ऑर्डील्सच्या डोंगराच्या माथ्यावर मिळतो आणि तिथेच त्याला विसरलेले बाकीचे मंत्रही आठवतात. लगेच मेनूत जाऊन बघावं, तर यादीत मेटिओ आहे, पण अक्षरं फिकी. खर्च ९९ एमपी. टेलाकडे ९०. ईथर हे एमपी भरणारं औषध पाजा, तंबूत झोपवा, काही उपयोग नाही. भांडं काठोकाठ भरलं तरी ते ९० चंच राहतं.

पुढे झॉटच्या मनोऱ्यात गोलबेझ समोर येतो आणि टेला तो मंत्र टाकतो. कमी पडलेल्या एमपीची भरपाई तो स्वतःच्या जिवाने करतो. गोलबेझ मरत नाही, पण नायक सेसिलचा मित्र केन ह्याच्या मनावरची त्याची पकड सुटते. हा प्रसंग कुणी नुसता ऐकला तर ‘म्हाताऱ्याने बलिदान दिलं’ एवढंच कळेल. ज्याने मेनूत ती फिकी अक्षरं बघून ‘ह्याला नऊच तर कमी आहेत, काहीतरी मार्ग असेल’ असा विचार केलेला असतो, त्याला त्या नऊ एमपीची किंमत काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

ही मालिका १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यातले जे प्रसंग लोक अजून एकमेकांना सांगतात, त्यातले बरेचसे ह्याच जातीचे आहेत. संवाद थोडेच असतात. खरी गोष्ट आकड्यात, बटणात नाहीतर घड्याळात असते. त्यातले मला सगळ्यात मोलाचे वाटणारे इथे लिहितोय, खेळताना कुठे काय करायचं आणि कुठे फसतं ह्यासकट. शेवट सगळे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं राहून खेळायचंय त्यांनी इथेच थांबावं.

ह्या पद्धतीची सुरुवात पहिल्या भागापासूनच आहे. गेम सुरू होतो, चार योद्धे निवडायचे, गारलंडला हरवून राजकन्या सारा हिला सोडवून आणायचं. एरवीच्या गेममध्ये एवढ्यात एक अख्खा अध्याय झाला असता. इथे राजा खूश होऊन उत्तरेचा तुटलेला पूल बांधून देतो, तुम्ही त्या पुलावर पाऊल टाकता, आणि तेव्हा कुठे प्रस्तावनेचं चित्र आणि संगीत सुरू होतं. आतापर्यंत जे खेळलात ते नांदीच्याही आधीचं होतं. कार्ट्रिजमध्ये मोजून मापून जागा असण्याच्या काळात नुसत्या क्रमाच्या अदलाबदलीतून हे साधलं, म्हणून हा पूल मला अजून आवडतो.

पुन्हा चौथ्या भागातल्या त्याच डोंगरावर येऊ. हा भाग १९ जुलै १९९१ ला सुपर फॅमिकॉमवर आला. सेसिल हा काळा योद्धा आहे आणि ऑर्डील्सवरचे शत्रू म्हणजे चालतीबोलती प्रेतं. त्याची काळी तलवार त्यांना जेमतेम खरचटते. इतका वेळ पार्टीचा कणा असलेला माणूस अचानक निकामी होतो आणि सगळी मदार पॅलम ह्या छोट्या जादूगाराच्या आगीवर येते. मृतांवर त्याची जुळी बहीण पोरॉम हिचे बरं करणारे मंत्रही टाका, त्यांना त्याने इजा होते. स्कार्मिल्योनी हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, इथे दोनदा लढतो आणि दुसऱ्यांदा पाठीमागून येतो. तेव्हा रांगा उलट्या होतात, म्हणजे अशक्त जादूगार पुढे आणि सेसिल मागे. बरेच जण इथेच मार खातात, कारण घाईघाईत पहिला हल्ला करून मोकळे होतात. आधी ‘चेंज’ देऊन रांगा सरळ करा, मग आग.

माथ्यावर सेसिल पॅलाडिन होतो आणि समोर उभा राहतो त्याचाच जुना काळा अवतार. हातात नवी लखलखीत तलवार, समोर शत्रू, आणि बोट आपोआप ‘फाइट’वर जातं. इथे तेच करायचं नाही. काही फेऱ्या मार सोसत उभं राहायचं. वार करत राहिलात तर ह्या लढाईचा अर्थच हातून जातो. आपल्या काळ्या कृत्यांवर तलवार चालवून ती मिटत नाहीत, हे गेम बोटांना शिकवतो. आणि लगेच किंमतही लावतो, नवा सेसिल लेव्हल १ वर येतो. डोंगर उतरताना त्याला भराभर लेव्हल मिळतात, तेव्हा काळजी नको.

पाचव्या भागातला (१९९२) गालुफ ह्या म्हाताऱ्या योद्ध्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो. तो एकटा एक्सडेथ ह्या खलनायकासमोर उभा राहतो, त्याचा एचपी, म्हणजे अंगातल्या जिवाचा आकडा, शून्यावर जातो आणि तो पडत नाही. शून्य एचपी म्हणजे आडवं, हा नियम तुम्ही शेकडो लढायांत पाळलेला असतो आणि इथे तो आकडा शून्य दाखवत असताना म्हातारा वार करतच राहतो. लढाई संपल्यावर सोबती त्याच्यावर मंत्र टाकतात, पडलेल्याला उठवणारं फिनिक्स डाउन वापरतात, कशाचाच उपयोग होत नाही. त्याची नात क्रिली त्याच्या जागी येते. तिचा मेनू उघडा: गालुफने कमावलेली लेव्हल, शिकलेल्या कला, सगळं तिच्या नावावर. खेळाडूच्या दृष्टीने काहीच वाया गेलेलं नाही, आणि तेच बघवत नाही.

सातव्या भागातल्या एअरिथ ह्या नायिकेच्या मृत्यूबद्दल इतकं लिहून झालंय की मी फक्त दोन गोष्टी सांगतो. प्लेस्टेशनवर ३१ जानेवारी १९९७ ला आलेल्या ह्या गेममध्ये तीन डिस्क होत्या आणि पहिलीच्या शेवटाकडे ती जाते. त्याआधी प्राचीनांच्या मंदिरात एका पेटीत ‘प्रिन्सेस गार्ड’ नावाची काठी मिळते. ती फक्त एअरिथला चालते आणि तिचं सगळ्यात चांगलं शस्त्र हेच. इतकं भारी शस्त्र हातात पडल्यावर कुठला खेळाडू म्हणेल की हे पात्र थोड्याच वेळात जाणार आहे? त्याहून क्रूर म्हणजे तिचा शेवटचा लिमिट ब्रेक (लढाईतली खास करामत), ‘ग्रेट गॉस्पेल’. जुनॉनजवळच्या गुहेत एक झोपाळू माणूस असतो. तुमच्या एकूण लढायांच्या आकड्यातले शेवटचे दोन अंक सारखे झाले की तो वस्तू देतो, त्यातली एक मिथ्रिल. ते मिथ्रिल शस्त्रविक्रेत्याच्या घरी न्यायचं, आणि तो पेटी निवडायला सांगेल तेव्हा खालची मोठी पेटी सोडून वरच्या मजल्यावरची छोटी उघडायची. मोठीत नुसतं सोन्याचं कडं निघतं. छोटीतलं ‘ग्रेट गॉस्पेल’ शिकवणारं हस्तलिखित मिळालं तरी आधीचे सहाही लिमिट शिकलेले असल्याशिवाय ती ते शिकत नाही. म्हणजे तासन्‌तास तिलाच पुढे ठेवून लढायचं. एवढं सगळं करू द्यायचं आणि मग तिला न्यायचं, असा हा हिशोब आहे.

दुसरी गोष्ट बटणाची. वेदीपाशी नायक क्लाउड तिच्यासमोर उभा असतो तेव्हा थोडा वेळ ताबा तुमच्याकडे असल्यासारखा वाटतो. काहीही दाबलं तरी तो तिच्यावर तलवार उगारण्याच्याच दिशेने सरकतो. सोबती ओरडतात म्हणून तो थांबतो. वार शेवटी खलनायक सेफिरॉथ करतो, पण त्याआधी तुमचं बोट त्या पापात सामील झालेलं असतं. नंतरच्या जेनोव्हा ह्या बॉसबरोबरच्या लढाईत लढाईचं संगीत वाजतच नाही, एअरिथचीच धून चालू राहते.

आता सहावा. २ एप्रिल १९९४ ला आलेला हा भाग माझ्या मते मालिकेचं शिखर आहे आणि ह्याच्यावर मी हात आखडता घेणार नाही. योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो हे दिग्दर्शक, नोबुओ उएमात्सु यांचं संगीत, खेळायला चौदा पात्रं.

भुताच्या आगगाडीपासून सुरुवात करू, कारण तो प्रसंग सगळ्यांना हवाच असतो. सेबिन ह्या मल्लाला लेव्हल १० ला सप्लेक्स हा शत्रूला उचलून आपटायचा डाव येतो. ‘ब्लिट्झ’ निवडून एक्स, वाय, खाली, वर आणि मग ए. एक बटण चुकलं तर ती पाळी फुकट. बहुतेक अवाढव्य बॉसना ‘उचलता येत नाही’ अशी खूण लावलेली असते, पण आगगाडीला ती लावलेली नाही. म्हणून सेबिन अख्खं इंजिन उचलून उलटं आपटतो. गाडी मृतांत मोडते, त्यामुळे एक फिनिक्स डाउन टाकलंत तरी ती तिथेच संपते, पण तसं करू नका. लेव्हल १० झाली नसेल तर आधीच्या डब्यांत थोडं लढून घ्या.

आणि मग गाडी फलाटाला लागते. पार्टीतल्या सायनची बायको एलेन आणि मुलगा ओवेन, डोमा ह्या त्याच्या राज्यातल्या विषात मेलेले, गाडीत चढतात. सायन धावतो, गाडी सुटते. आत्ता दोन मिनिटांपूर्वी जी गाडी तुम्ही हसत हसत उलटी केलीत, ती त्यांना घेऊन जाणारी होती.

ऑपेराचा प्रसंग नीट खेळायला थोडी तयारी लागते. शत्रू असलेल्या साम्राज्याच्या खंडावर जायला सेटझर ह्या जुगाऱ्याचं हवाई जहाज हवंय, आणि तो नाटकातल्या मारिया ह्या गायिकेला पळवून नेणार असल्याचं त्याने कळवलंय. पार्टीतली सेलेस मारियासारखी दिसते, म्हणून तीच स्टेजवर उभी राहते. एकेकाळची सेनापती, आयुष्यात कधी न गायलेली. आधी मेकअपच्या खोलीत गाण्याचे बोल वाचून ठेवा, घाईत पुढे पळू नका. स्टेजवर तीनदा पुढची ओळ निवडायची असते. चुकलं की प्रयोग थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून. ओळी झाल्या की ड्रॅको ह्या नाटकाच्या नायकाच्या आकृतीजवळ जाऊन बोला, नाच होईल, ती आकृती फुलं ठेवून नाहीशी होईल. ती फुलं उचलून जिना चढत सगळ्यात वरच्या सज्जात जायचं. इथे बरेच जण नाच संपल्यावर फुलं न उचलताच इकडेतिकडे फिरत बसतात.

सुपर फॅमिकॉमच्या साउंड चिपला एकूण ६४ किलोबाइट मेमरी आणि एका वेळी आठ आवाज. त्यात माणसाचं गाणं बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून उएमात्सुंनी गळ्यासारखा एक कृत्रिम स्वर घेतला आणि पडद्यावरचे शब्द त्या स्वराबरोबर उमटतील असं बसवलं. तो स्वर ‘आ’ की ‘ओ’ हेही धड सांगता येत नाही. पण तुम्ही ओळी पाठ केलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सूर आला की त्यावरचा शब्द तुमच्याच डोक्यात उमटतो. गाणं अर्धं चिप म्हणते आणि अर्धं तुम्ही. पिक्सेल रीमास्टर ह्या नव्या आवृत्तीत हेच गाणं खऱ्या गायकांच्या आवाजात ऐकायला मिळतं आणि ते सुरेख आहेच, पण पहिल्यांदा खेळायचं तर जुन्या कृत्रिम सुरातच ऐका, असं मी आग्रहाने सांगेन.

इकडे अल्ट्रोस हा आठ पायांचा बॉस वरच्या तुळईवरून सेलेसच्या डोक्यावर चार टनांचं वजन ढकलायला निघालाय. वजन जड, म्हणून त्याला पाच मिनिटं लागणार, आणि तेवढाच वेळ तुम्हाला. उजवीकडच्या वरच्या खोलीत जा, तिथल्या माणसाशी बोला, सगळ्यात उजवीकडचा स्विच दाबा. बाकीच्या स्विचना हात लावू नका. वर तुळयांवर उंदीर फिरतात आणि त्यांना शिवलं की लढाई सुरू होते, आणि घड्याळ लढाईतही चालूच राहतं. म्हणून उंदीर दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दोन सेकंद थांबा, मग जा. घाबरून धावणाऱ्याला पाचही मिनिटं पुरत नाहीत आणि शांतपणे चालणाऱ्याची दोन उरतात.

त्याच घड्याळाचा उलटा वापर तरंगत्या खंडावर येतो. खलनायक केफ्का सम्राटाला मारतो, शॅडो हा तुमचा सोबती केफ्काला तीन मूर्तींमध्ये अडवून धरतो आणि बाकीच्यांना पळायला सांगतो. सहा मिनिटं. तुम्ही धडपडत कड्याच्या टोकाशी पोचता, खाली हवाई जहाज दिसतं, आणि पर्याय येतात: उडी मारा, किंवा थांबा. आतापर्यंत प्रत्येक घड्याळाने लवकर पोचायला शिकवलेलं असतं, म्हणून जवळजवळ सगळेच उडी मारतात. थांबा. दुसऱ्यांदा विचारलं तरी थांबा. तीन मिनिटं, एक मिनिट, तीस सेकंद, काहीच होत नाही. शून्य झालं तर गेम ओव्हर, आणि तोवरची सगळी लढाई पुन्हा. पाच सेकंद उरतात तेव्हा शॅडो धावत येतो.

उडी मारलीत तर तो गेला, पुढे कधीच परत येत नाही. गेम ह्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जग उद्ध्वस्त झाल्यावर वेल्डच्या गुहेत एक जखमी माणूस सापडतो. तुम्ही थांबला असाल तर तो शॅडो, नसाल तर त्याच जागी रेल्म ही पार्टीतली लहान मुलगी. ती जागा रेल्मलाच देण्यामागे कारण आहे. शॅडोला सोबत घेऊन सरायांमध्ये झोपलात तर त्याची स्वप्नं दिसतात आणि त्याचं जुनं आयुष्य उलगडतं. शिवाय ‘मेमेंटो रिंग’ ही अंगठी कुणाकुणाला घालता येते ते यादीत बघा. चौदा पात्रांत फक्त दोघांना, शॅडोला आणि रेल्मला. ही मुलगी कुणाची हे गेममध्ये कुणीही तोंडाने सांगत नाही, पण सामानाच्या यादीत ते लिहिलेलं आहे.

ह्या सगळ्यांत मी सगळ्यात वर ठेवेन ते एकाकी बेट. खंड कोसळल्यानंतर एक वर्षाने सेलेस जागी होते. बेटावर फक्त म्हातारा शास्त्रज्ञ सिड, आणि तोही आजारी. मासे धरून त्याला खाऊ घालायचे. गेम आत एक आकडा धरून ठेवतो, तो तुम्हाला दिसत नाही, आणि वेळ जाईल तसा तो घसरतो. किनाऱ्यावर भरभर पोहणारे मासे चांगले, त्यांनी तो सुधारतो. संथ मासे शिळे, त्यांनी तब्येत आणखी बिघडते. संथ मासा धरायला सोपा, म्हणून तोच धरला जातो, आणि प्रेमाने खाऊ घालणारा माणूस आपल्याच हाताने सिडला मारतो. वाचवायचं असेल तर बेटावर निघाल्याबरोबर एकदा सेव्ह करा, फक्त वेगवान मासा धरा, तो दिसत नसेल तर किनाऱ्यावरून बाहेर पडून पुन्हा आत या, आणि उगाच राक्षसांशी लढण्यात वेळ घालवू नका. तसेही तिथले राक्षस इतके खंगलेले आहेत की काही तर हात न लावताच मरतात. जग संपल्याचं ह्याहून स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

सिड गेला तर सेलेस कड्यावर जाते आणि स्वतःला झोकून देते. ती वाचते. शेजारी एक जखमी पक्षी असतो आणि त्याच्या जखमेला तिचा सोबती लॉक ह्याचा रुमाल बांधलेला. कुणीतरी जिवंत आहे, एवढंच त्या चिंधीवरून कळतं. घरी परतल्यावर सिडचं पत्र सापडतं आणि त्यातून तळघराच्या जिन्याचा पत्ता.

सिड वाचला तर हा कडाही नाही, तो रुमालही नाही. तो स्वतःच तिला खाली घेऊन जातो. दोन्ही वाटांनी खेळायचं तर त्या सेव्हची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. पहिल्या खेपेला मात्र माशांच्या वेगाबद्दल वाचलेलं विसरून जा आणि जो हाताला लागेल तो त्याला खाऊ घाला. काहीही झालं तरी जिन्याखाली तराफा तयारच असतो. म्हातारा तो तिच्यासाठी बांधत होता.